गावाने ऐकलं

बापाला माती दिली त्या साली, म्हणजे एकोणीसशे एकोणसत्तरात, कोल्मन टार्पी त्याच्या जागी खासदार झाला. आधी आजा, मग बाप, मग हा. लोकांची पत्रं, गाऱ्हाणी, खासदाराने मयताला जायलाच हवं म्हणून कुठे मयत झालं त्याची खबर, सगळं धाकटी बहीण अट्रॅक्टा बघायची. तू उभी राहतेस का, असं तिला कुणी विचारलं नाही. भावाची खुर्ची तीच आपली, असं धरून ती अठरा वर्षं राबली.

एका मतदारसंघातून तिथे तीन-चार खासदार निवडून जायचे. सत्याऐंशीत पक्षाने कोल्मनच्या जोडीला तरणा लॅफी, असं दोघांना उभं केलं. मतदाराने नावांपुढे एक, दोन असे पसंतीचे आकडे घालायचे. पक्षाचं म्हणणं पडलं, की कोल्मन निवडून आल्यातच जमा. तेव्हा त्याच्या गावाने पहिला आकडा लॅफीला द्यावा, म्हणजे दोघंही येतील.

"नको," कोल्मन म्हणाला. "घरचं दूध शेजारच्या वासराला कशाला?"

"भित्रा झालास," अट्रॅक्टा म्हणाली. "अर्धं गाव तरी सवयीने तुलाच देणार. लिहून ठेव."

तिने घरोघरी पत्रं लिहिली, चारशे, स्वतःच्या हाताने.

मोजणीच्या सकाळी म्हातारा मॉसी ग्रीली कठड्याला पोट लावून उभा होता. पेटी उलटली की मतपत्रिकांवर डोळा ठेवायचा आणि कागदावर रेघा ओढायच्या, हे काम तो कोल्मनच्या बापापासून करत आला होता. गावची पेटी उलटली. त्याची पेन्सिल लॅफीच्या रकान्यातून हलेना.

"आपली किती?" अट्रॅक्टाने विचारलं.

"नऊ. त्यातलं एक माझं."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांनी तुझं ऐकलं, पोरी. या गावाने जन्मात कधी पाद्र्याचं ऐकलं नाही." मग हळूच म्हणाला, "तुझं तरी त्या नवात आहे ना?"

अट्रॅक्टाने त्याच्या कागदावरच्या रेघा पुन्हा मोजल्या. तिनेही पत्रात लिहिल्याप्रमाणेच आकडा घातला होता.

कोल्मन एकतीस मतांनी पडला. त्याने निवडून आलेल्या लॅफीचा हात हातात घेतला, कोटाची बटणं लावली. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाला, "अक्षर छान आहे तुझं."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावी मयत होतं. तो गेला. लोकांनी वाट दिली, पण पूर्वीसारखं बाजूला घेऊन काम कुणी सांगितलं नाही. पुढेही अट्रॅक्टा रोज पेपरातल्या मयताच्या बातम्या कापून त्याच्या ताटाशी ठेवायची. उन्हाळ्यापासून त्याने त्या उचलणं सोडलं.

कोल्मन टार्पी बारा ऑक्टोबर एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीला, बुधवारी, वारला. दारात सगळ्यांत आधी लॅफी आला.