मास्तर बाजूच्या सीटवर

मास्तरांनी बत्तीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवलं. बेकरीवाला, दोन डॉक्टरीणबाई, शाळेचे आजी-माजी हेडमास्तर, सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले. शिकवलं नाही ते फक्त घरच्यांना. म्हणजे प्रयत्न एकदा झाला होता. सव्वीस वर्षांपूर्वी त्यांनी बायकोला स्टिअरिंगवर बसवलं आणि पहिल्याच चौकात दोघांचं असं काही वाजलं, की बाई दार उघडून उतरल्या आणि पायी घरी आल्या. मग चार दिवस "तुझ्या बाबांना म्हणावं, जेवायला वाढलंय" असं चाललं होतं. धाकट्या मुलीने तर त्या प्रकाराचा असा धसका घेतला, की ती आजही सायकलच चालवते.

त्यामुळे मास्तरांचा मोतीबिंदू काढला आणि डॉक्टरांनी पंधरा दिवस गाडीला हात लावायचा नाही म्हणून बजावलं, तेव्हा थोरलीच्या नव्या घरी जायचा रविवारचा बेत बारगळला हे उघडच होतं. दोन तासांचा रस्ता, मध्ये घाट. मास्तर तिला तसं कळवायला फोन उचलत होते.

"फोन ठेवा," बायको म्हणाली. "मी नेते."

आणि तिने टेबलावर लायसन्स ठेवलं.

मास्तरांनी ते उघड्या डोळ्याजवळ नेलं. फोटो तिचाच. तारीख पाच महिन्यांपूर्वीची.

"तुला शिकवलं कुणी?"

"तुमच्याच त्या हसऱ्या विद्यार्थिनीनं. तिनं आता स्वतःचा क्लास काढलाय ना. मंगळवार आणि शुक्रवार."

"मंगळवारी आणि शुक्रवारी तू विणकामाला जायचीस."

"घरात एक मोजा तरी आला का?"

धाकटी चहाच्या कपात तोंड घालून हसत होती. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. अर्धं गाव आपल्या भरवशावर रस्त्यावर उतरलं आणि घरचं माणूस शिकायला दुसऱ्या दारात गेलं, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. पण एक मनाशी ठरवून ते गाडीत बसले: तोंडातून शब्द काढायचा नाही.

शब्द नाही काढला. पाय मात्र ऐकेना. शिकवण्याच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक असायचा. इथे नुसतं पायपुसणं होतं, आणि दर वळणाला ते त्यावर पाय रोवत होते. मधूनमधून खाकरतही होते.

"घसा दुखतोय का?" बायकोने समोर बघत विचारलं.

"नाही."

"मग गप्प बसा."

"गप्पच बसलोय."

खरं तर ती चालवत होती चांगली. आरसा बघत होती, वळायच्या आधी इशारा देत होती. जरा हळू, एवढंच. एक म्हातारे सायकलवाले त्यांना मागे टाकून गेले तेव्हा धाकटीने त्यांना हात केला.

घाटात रस्त्याचं काम चालू होतं. एकच बाजू खुली, आणि ऐन चढावर गाड्या थांबवलेल्या. झेंडीवाल्याने हिरवी झेंडी दाखवली आणि गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, एक गचका देऊन पुन्हा बंद. मागून ट्रकने हॉर्न दिला.

"क्लच..." मास्तरांच्या तोंडून निसटलंच.

बायकोने हँडब्रेक ओढला. आवाज चढवला नाही. "अहो, तुम्ही जरा उतरता का?"

"इथे?"

"बाबा, उतरा," मागून धाकटी म्हणाली.

मास्तर उतरले. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, अशा थाटात खडीच्या ढिगाऱ्याशेजारी उभे राहिले. झेंडीवाल्याने विचारलं, "काका, काय झालं?"

"काही नाही. तिला जरा मोकळं हवंय."

बायकोने गाडी सुरू केली. तिचे ओठ हलत होते. मास्तरांना ऐकू काही येत नव्हतं, पण कळलं. नाक उचलू दे, मग सोड. घाई नाही. नाक उचलू दे, मग सोड. जेवताना, फोनवर, पाहुण्यांसमोर, हे वाक्य त्यांनी घरात हजारदा म्हटलं असेल. गाडीचं नाक किंचित उचललं, हँडब्रेक खाली गेला आणि गाडी सरळ चढ चढून गेली. वाटेत थांबायला जागाच नव्हती, त्यामुळे मास्तरांना पायी चढावं लागलं.

वर पोचले तेव्हा ती कठड्यावर बसून पाणी पीत होती. मास्तर शेजारी टेकले.

"माझ्याकडे का नाही शिकलीस?"

"तुम्ही शेजारी असलात की चुकायची भीती वाटते. तिच्यासमोर खुशाल चुकले. दोनदा गाडी कुंपणात घातली."

"कुंपणात?"

"लहानसं होतं."

मास्तरांनी खालच्या वळणांकडे पाहिलं. मग म्हणाले, "सगळ्यांना मी पहिल्याच दिवशी सांगतो, चुका, मी आहे. तुला नाही म्हटलं कधी."

"नाही म्हटलंत."

"चुकलंच माझं."

तिने बाटली त्यांच्या हातात दिली. "प्या. दम लागलाय तुम्हाला."

थोरलीकडे पोचायला पाऊण तास उशीर झाला. ती पायरीवर वाट बघत होती. आईला चालकाच्या बाजूने उतरताना बघून ती आधी आईकडे, मग बापाकडे बघत राहिली.

"घाटात एकटीनं चढवली," मास्तर म्हणाले. दुपारभरात ही हकिगत त्यांनी जावयाला, शेजाऱ्यांना आणि पाच वर्षांच्या नातीला सांगितली, आणि दर खेपेला चढ थोडा अधिक उभा होत गेला.

ऊन कलताना ते परत निघाले. घाट उतरून सपाट रस्ता लागला, तसं धाकटीने पुढे वाकून पाहिलं. मास्तरांची मान खिडकीकडे कलली होती, तोंड उघडं, पाय सैल पसरलेले. चालत्या गाडीत बाबांना झोपलेलं तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

"आई," ती कुजबुजली, "बघ ना."

आईने रस्त्यावरची नजर हलवली नाही. हात लांब करून तिने फक्त रेडिओचा आवाज कमी केला.