वाकड्या मानेचा हवामापक

मी एक जुना हवामापक आहे. टायरमधली हवा मोजतो. पंक्चरवाले मला नुसतं 'मीटर' म्हणतात. माझी काच तडकलेली आहे आणि मान वाकडी आहे. मित्रांनो, हसू नका. त्या मानेचीच ही गोष्ट आहे.

जन्मलो तेव्हा मी सरळच होतो. सोलापुरात शेखलालचाचांच्या पंक्चरच्या दुकानात आलो. हंगामात श्रीपूरच्या कारखान्याला ऊस वाहणारे ट्रक तिथं येत. त्यांना मागे चाकांच्या जोड्या. आतल्या चाकापर्यंत माझं तोंड पोचेना. चाचांनी मला लांब पितळी नळी जोडली आणि ती वाकवली. मला फार लाज वाटली. पण ड्रायव्हर म्हणत, "चाचा, तुमचं मीटर खोटं बोलत न्हाय," तेव्हा मी फुशारून जाई.

पुढे चाचांची लेक माजिदा दुकान पाहू लागली. उसाचे ट्रक बाहेरच्या रस्त्यानं जाऊ लागले, आकडे दाखवणारं चकचकीत यंत्र आलं आणि मी नटबोल्टच्या डब्यात गेलो. चार वर्षं कुणी विचारलं नाही. फार वाईट वाटे.

यंदा मे महिन्यात, भर दुपारी, एक मिनीबस दारात थांबली. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, सगळा संसार! भूगोलाचे निवृत्त शिक्षक शरच्चंद्र सर आणि मालतीबाईंनी हौसेनं करून घेतलेलं चाकांवरचं घर ते. उमरग्याहून नातीला, श्रावणीला, घेऊन ते समुद्र दाखवायला निघाले होते.

"माजिदा, थोडी हवा सोड बघू," सर म्हणाले. "टायर तापलेत. धाब्यावर एक ट्रकवाला म्हणाला, उन्हात हवा सोडली नाही तर टायर फुटतो."

तापलेल्या टायरची हवा सोडायची, ही आमच्या भागातली जुनी खोड. चाचा त्यावरून ड्रायव्हरांशी भांडत.

सर पूर्वी सोलापुरातच शिकवत आणि माजिदा त्यांची विद्यार्थिनी. ती हसली. "सर, तापली की हवा फुगते, हे तुमीच शिकवलंत की. आता सोडली तर गार झाल्यावर कमी पडंल. मग टायर दबतोय आन् लई तापतोय. आन् ह्यो टॉवेल कशाला टाकलाय हितं?"

टॉवेलाखाली, स्टिअरिंगशेजारी, चाकांमधली हवा दाखवणारा छोटा पडदा होता.

"सकाळपासून टूं टूं करून डोकं उठवलंय त्यानं," सर म्हणाले. " चष्म्याशिवाय आकडे दिसत नाहीत. ऊन सोसत नसेल त्याला."

माजिदानं टॉवेल काढला. मागचं डावीकडचं आतलं चाक लाल दिसत होतं. नव्या यंत्राचं तोंड तिथवर जाईना. तिनं डबा उपडा केला आणि मला उचललं.

माझी वाकडी मान बरोबर आत गेली. पासष्ट पौंड हवे होते. माझा काटा अठ्ठावीसवरच अडला. मी घाबरलो. शेजारचं चाक ताठ उभं होतं, म्हणून बाहेरून काही कळत नव्हतं. सगळा भार ते एकटं वाहत होतं. आणि त्याच चाकावरच्या पलंगावर श्रावणी झोपली होती.

चाक उतरवलं. त्यात खिळा होता आणि टायर आतून करपला होता. सर मटकन बाकावर बसले.

"हवा कमी आहे म्हणून ते ओरडत होतं, आणि मी अजून सोडायला निघालो होतो!"

"अहो, वेळेवर कळलं ना? मग उठा," मालतीबाई म्हणाल्या. "नवा टायर घालू. समुद्र कुठं पळून जात नाही."

निघताना माजिदानं मला पुसून मालतीबाईंच्या हातात ठेवलं. "अब्बांचं हाय, काकू. रोज सकाळी, गाडी हलायच्या आदी, टायर गार असताना मोजा. आन् पडदा ओरडला तर गाडी बाजूला घ्या."

मित्रांनो, मी आता समुद्राकाठी आहे. सर चष्मा घालून पडदा वाचतात, मालतीबाई मला घेऊन चाकांपाशी बसतात. तुम्हाला एकच सांगणं. कुणी सावध करत असेल तर त्याच्यावर टॉवेल टाकू नका, आधी त्याचं ऐका. आणि जुन्या वस्तू पुसून जपून ठेवा. खाऱ्या वाऱ्यात गंजेन की काय, अशी मला भीती होती. पण श्रावणी रोज मला आपल्या फ्रॉकनं पुसते, त्या आतल्या चाकाला लावते आणि ओरडते, "आजी, पासष्ट! चला!"