खोकलेबुवांचे चाहते

आमच्या ह्यांचा खोकला घराघरांत पोचला, आणि औषध मात्र घरात असून ह्यांच्या घशाखाली उतरेना, ही माझी रड. ऐकायची तर ऐका, नाहीतर टीव्ही लावा.

हे आवाज द्यायचे. परदेशी मालिका आपल्या भाषेत बोलायला लागते ना, ते काम. जन्मभर ह्यांच्या वाट्याला काय आलं? दारावरचा पहारेकरी. 'साहेब, गाडी आली' म्हणणारा ड्रायव्हर. गर्दीतला 'अरे, पळा!' एकदा तर मढ्याचा आवाज दिला. मरायच्या आधी 'आह' म्हणायचं, बस. त्या 'आह'ची तालीम ह्यांनी बाथरूममध्ये आठवडाभर केली, आणि मी बाहेर बादली घेऊन उभी.

मग ती ब्रिटिश हेरांची मालिका आली. हेर कसले, सगळे ओवाळून टाकलेले. चपलांच्या गोदामाखालच्या तळघरात बसतात, एकमेकांचा पाणउतारा करतात आणि दर भागात कुणीतरी हास्यास्पद रीतीनं मरतं. त्यात एक म्हातारा हेर. शत्रूनं पकडलं की तो खोकत खोकत जमिनीवर पडतो. त्याची जोडीदारीण ऊर बडवून ओरडते, 'अहो, हा खरंच मरतोय!' शत्रू बघायला वाकला की म्हातारा त्याच्याच टायनं त्याचा गळा आवळतो. दर भागात तेच, आणि दर भागात शत्रू फसतो.

ह्यांना दमा. ह्या म्हाताऱ्यासाठी आवाजाची चाचणी होती, त्या दिवशी वाक्य म्हणता म्हणता खरी उबळ आली. हे माफी मागायला लागले, तर दिग्दर्शक काचेपलीकडून नाचतच बाहेर आला. "हाच! हाच पाहिजे!" मूळचा ब्रिटिश नट म्हणे रुमालात खोकल्यासारखा खोकतो. आमच्या ह्यांनी फुप्फुस बाहेर काढून ठेवलं.

लोकांनी डोक्यावर घेतलं हो. म्हाताऱ्याचं नावच पडलं खोकलेबुवा. इंटरनेटवर नुसता पूर. 'हसून हसून पोट दुखलं.' 'बुवा खोकला की आमचं बाळ जेवतं.' 'बाकीचे सगळे मेले तरी चालतील, बुवाला हात लावाल तर खबरदार.' कुणीतरी नुसते खोकले जोडून गाणं केलं. माझ्या नणंदेनं ते फोनला लावलं. आपल्या सख्ख्या भावाची धाप! फोन वाजला की ही बया खुदकन हसून उचलते.

"दादा, एकदा खोक ना, माझ्या मैत्रिणी आल्यात," असं म्हणून ती ह्यांना दिवाणखान्यात उभं करायची. हे खोकायचे. बायका टाळ्या पिटायच्या. मी आत जाऊन भांडी आपटायची. कोण ऐकतंय!

डॉक्टरांनी मग चांगलंच दामटलं. दोन वेळा पंप तोंडात मारायचा, गोळ्या चुकवायच्या नाहीत, नाहीतर एखादी उबळ शेवटची ठरेल, असं माझ्यासमोर सांगितलं. मी डोळ्यांत तेल घालून औषधं दिली. दोन महिन्यांत ह्यांची छाती मोकळी झाली. जिना चढून आले तरी श्वास शांत. मला वाटलं, सुटलो बाई.

कसले सुटलो! दुसऱ्या हंगामाचे पहिले भाग लागले आणि पब्लिकचं तोंड वाकडं. 'बुवाच्या खोकल्यात दम राहिला नाही.' 'नकली वाटतो.' 'जुना माणूस परत आणा.' जुना माणूस माझ्यासमोर बसून, चष्मा पुसून पुसून ते वाचत होता. दिग्दर्शकाचा फोन आला. मी शेजारीच होते.

"काका, खोकला कुठे गेला?"

"बरा झालो मी," हे अपराध्यासारखे म्हणाले.

"लोकांना बरा झालेला बुवा नकोय हो. बघा काय जमतंय ते. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

तीन दिवसांनी गादी उन्हात टाकताना खाली पंप सापडला. गच्च भरलेला. गोळ्या उशीच्या अभ्र्यात. माझं डोकंच फिरलं. "मरायचंय का तुम्हाला?" मी ओरडले. "त्या टवाळांना हसवायला जीव देणार?"

हे कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी चढवला. "तीस वर्षं मी दार उघडणारा माणूस होतो! कुणी विचारलं, दार कोणी उघडलं? आता विचारतात. तुला काय कळणार त्यातलं!"

"मला एवढंच कळतं की कुंकू माझं आहे," मी म्हणाले. हे तोंड फिरवून बसले, आणि त्यातच ह्यांना बारीकशी उबळ आली. देवाशप्पथ सांगते, हे खूश झाले.

पुढच्या रेकॉर्डिंगहून आले ते भिंत धरून. ओठ पांढरे, पण चेहऱ्यावर लग्नातल्यासारखा उजेड. "सगळे उभे राहिले काचेमागे," एवढंच बोलता आलं. सकाळी श्वास पुरेना, पंप मारला तर तोही आत जाईना. मी ह्यांना रिक्षात घातलं आणि दवाखाना गाठला.

बाहेरची खोली भरलेली. मी कंपाउंडरला म्हटलं, "आधी आत घ्या, ह्यांना धाप लागलीय." तो नंबर लिहीतच होता. तेवढ्यात ह्यांना उबळ आली. त्यानं मान वर केली आणि त्याचा चेहरा फुलला.

"अरे! खोकलेबुवा!"

सगळं बाकडं वळलं. कुणीतरी फिसकन हसलं. एक आजारी म्हातारी पदर तोंडाला लावून हसायला लागली. बापानं लेकराला मांडीवर उभं केलं, "बघ, बघ, टीव्हीतले आजोबा!" हे खुर्चीतून पुढे वाकले, नखं निळी, छाती वाजतेय.

"अहो, हसताय काय?" मी ओरडले. "हे खरंच मरतायत!"

खोली अशी फुटली हसून की विचारू नका. कंपाउंडर टेबलावर पालथा पडला. समोरची बाई मोबाईल रोखून म्हणाली, "वहिनी, परत म्हणा ना, मघाशी नीट आलं नाही."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, हे हात हलवून सांगतील, नाही रे बाबांनो, खरं आहे. ह्यांनी हात हलवला. पण कसा? स्टेजवरून अभिवादन करतात ना, तसा! आणि उरलासुरला श्वास गोळा करून, त्या लोकांसाठी, अजून एकदा खोकले. मग खुर्चीवरून घसरून खाली पडले आणि हललेच नाहीत.

टाळ्या पडल्या. आतून डॉक्टर विचारतायत, काय गोंधळ आहे, आणि बाहेर टाळ्या. ती बाई मोबाईल घेऊन ह्यांच्या तोंडाशी वाकली. "आता हिचा गळा धरणार बघा," मागून कुणीतरी म्हणालं.

मी तिचा मोबाईल हिसकला आणि भिंतीवर आपटला. ठिकऱ्या उडाल्या. तेव्हा कुठे सगळे गप्प झाले. त्या शांततेत ती बाई रडवेल्या आवाजात मला म्हणाली,

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला? नवा होता तो!"