बबनराव प्याले नव्हते

ऐन मे महिन्यात बबनराव घोंगडी पांघरून बसायचे. पुलगावजवळच्या एका जिनिंग कारखान्यात ते फिटर होते. वर्षभरात माणूस पार बदलला होता. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, जीभ जड. हातात पाना घेऊन बसल्या जागी डोळा लागायचा.

एका दुपारी मॅनेजर प्रभाकररावांनी त्यांना तसंच पेंगताना पाहिलं आणि सगळ्या कामगारांसमोर ते ओरडले, "जिल्ह्यात दारूबंदी, अन् हा कामावर पिऊन येते! चाल, नीघ इथून!"

बबनरावांनी जन्मात थेंब घेतला नव्हता. पण "मी पेलो नाई" हेही त्यांच्या तोंडून अडखळतच आलं. लोक हसले.

घरीही तेच. धाकटा भाऊ चंद्रभान वहिनीला म्हणाला, "माणूस बाहेर काय करते, तुमाले काय मालूम?"

बबनरावांची बायको कोकिळा भडकली. "रोज बाजूले मी निजते. तोंडाचा वास मले येईन का तुले?"

गावातल्या डॉक्टरनं नाडीसुद्धा पाहिली नाही. "बाटली सोडा," म्हणत ताकदीचं औषध पुढे केलं. कोकिळानं ती बाटली त्याच्याच टेबलावर आपटली. "हात लावला नाई अन् रोग सांगता?"

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन ती रेल्वेनं वर्ध्याला आणि तिथून टांग्यानं सेवाग्रामच्या दवाखान्यात गेली. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, थंडी फार वाजते का, पोट साफ होतं का, कातडी कधीपासून अशी कोरडी झाली? मग बबनरावांना खुर्चीवर गुडघे टेकवायला लावून टाचेमागं रबरी हातोडी मारली. पाऊल उडालं आणि अगदी सावकाश, आळसावल्यासारखं जागेवर आलं.

"गळ्यात थायरॉईड नावाची ग्रंथी असते," बाई म्हणाल्या. "तिचा रस कमी पडला की सगळं शरीर मंदावतं. जीभसुद्धा. रक्त मुंबईला पाठवू, पण मला शंका नाही."

"अन् दारू?" कोकिळानं विचारलं.

"दारूचा काही संबंध नाही."

कोकिळाला तिथंच रडू फुटलं. दुःखाचं कमी, संतापाचं जास्त.

रक्ताचा अहवाल तसाच आला. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, आधी थोडी, मग वाढवत न्यायची; आणि बरं वाटलं तरी जन्मभर सोडायची नाही. दिवाळीपर्यंत सूज उतरली, आवाज मोकळा झाला. बबनराव पुन्हा सायकलवर बसायला लागले.

ते कळल्यावर प्रभाकररावांनी निरोप धाडला, "कामावर या." बबनराव निघालेसुद्धा. कोकिळा सोबत गेली, ती थेट फाटकाशी उभी राहिली. कारखान्याची पाळी सुटत होती.

"साहेब, बेवडा सगळ्यांसमोर ठरवलं. आता ते बोलणं परत बी सगळ्यांसमोर घ्या."

"बाई, जाऊ द्या ना. कामावर तर घेऊन राह्यलो."

"काम त्यायच्या हाताचं हाय, तुमची मेहरबानी नाई."

बबनराव तिला आवरतील असं लोकांना वाटलं. पण तेही सायकलला टेकून उभे राहिले. "हे झाल्याबिगर मी आत येत नाई," ते स्पष्ट म्हणाले.

कामगार थांबले होते. मॅनेजर रुमालानं मान पुसत म्हणाले, "बबनराव पेले नव्हते. आजारी होते. माझा गैरसमज झाला."

बबनराव आत गेले. कोकिळा मात्र घरापर्यंत पुटपुटत राहिली, "गैरसमज म्हणे! एकानं तरी इचारलं होतं काय, बाबा, तुले काय होऊन राह्यलं?"