थोरलीचं पाचवं वर्ष

थोरलीच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी मांडून घेऊ. हॉकीचा आणखी एक अख्खा मोसम. होस्टेलातली खिडकीजवळची कॉट. कर्णधारपद. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे मोसमाच्या शेवटी मोठ्या क्लबांची माणसं खेळाडू हेरायला येतात, त्यांच्या नजरेत भरायची संधी. साथीच्या वर्षी मैदानाला कुलूप लागलं तेव्हा ती हातची गेली होती.

आणि जाणार काय? काहीच नाही. निदान कॉलेजच्या पत्रात तरी तसंच होतं. रद्द झालेला मोसम धरला जाणार नाही, चार वर्षांऐवजी पाच वर्षं खेळता येईल, इच्छुकांनी आठ दिवसांत कळवावं. खेळायचं तर कुठल्यातरी वर्गात नाव हवं, म्हणून थोरलीने ग्रंथालयशास्त्राचा डिप्लोमा निवडला. चार वर्षांत ती ग्रंथालयात गेली असेल ती पंख्याखाली डुलकी काढायला.

धाकटी सोडून घरात सगळे खूश.

धाकटीला सगळे शिडी म्हणायचे, इतकी ती उंच. थोरली गोलकीपर, तशी तीही गोलकीपर. हे काही रक्तातून वगैरे आलेलं नव्हतं. त्यांचे बाबा गाड्यांच्या सीटा शिवायचे. दुकानातला उरलेला फोम आणि रेक्झिन जोडून त्यांनी थोरलीसाठी पायांचे पॅड शिवले होते. धाकटीला खरं तर पुढे पळायचं होतं, गोल मारायचे होते. पण बाबा म्हणाले, "घरात पॅड आहेत ना? मग वाया कशाला घालवायचे?" आणि पोर गोलात उभी राहिली. मोठीचा फ्रॉक धाकटीला घालावा तसा त्यांनी मोठीचा खेळ धाकटीला घातला. आखूड होतोय का, हे कुणी पाहिलं नाही.

कॉलेजच्या संघाच्या यादीत वीस जणी, त्यांत गोलकीपर दोन. एक थोरली, दुसरी तिसऱ्या वर्षातली. यादीत नाव असलं की फी माफ. नसलं तर या घरातून कॉलेज लांबच. "ताई बाहेर पडली की तू ये," असा शब्द हॉकीच्या सरांनी धाकटीला देऊन ठेवला होता.

"ताई, तू थांबलीस तर माझं काय?"

"तुझं काय म्हणजे? तुझी जागा वेगळी."

"तीन-तीन गोलकीपर ठेवतात का?"

"एवढं पत्र काढलंय, तर यादीही वाढवली असेलच की."

"विचार ना सरांना. गुरुवारी दुसऱ्या कॉलेजची चाचणी आहे. इथलं नक्की नसेल तर मी तिकडे जाते."

"विचारते म्हटलं ना! डोकं नको खाऊस."

थोरलीने विचारलं, नाही असं नाही. पण उत्तर नकोच असलेलं माणूस विचारतं तसं विचारलं. बुधवारी सरांना फोन लावला, आधी स्वतःचा होकार सांगून टाकला आणि मग जाता जाता म्हणाली, "आणि सर, ते धाकटीचं बघाल ना?"

"बघू की. आपलंच पोर आहे. तू आधी फॉर्म पाठव."

सरांच्या 'बघू'ची किंमत थोरलीइतकी कुणालाच ठाऊक नव्हती. तिने दोन वर्षं बूट मागितले होते, सरांनी दोन वर्षं बघू म्हटलं होतं, आणि ती अंगठा बाहेर आलेल्या बुटांनी खेळली होती. तरी फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली आणि म्हणाली, "सर हो म्हणाले."

धाकटी गुरुवारी चाचणीला गेली नाही. दिवसभर तिने आईला डबे घासायला मदत केली, तीही गाणं गुणगुणत.

पंधरा दिवसांनी यादी लागली. नावं वीसच. दोघी बहिणी सरांच्या खोलीत गेल्या.

"अगं, वर्ष वाढवून मिळालं," सर म्हणाले, "जागा कुठे वाढवून मिळाल्या? मला काय हौस आहे का?"

"पण तुम्ही ताईला हो म्हणालात ना?" धाकटीने विचारलं.

सरांनी थोरलीकडे पाहिलं. "मी बघू म्हणालो होतो."

व्हरांड्यात आल्यावर धाकटी थांबली. "म्हणजे तुला माहीत होतं."

"मला वाटलं, करतील काहीतरी."

"तुला वाटलं नव्हतं, ताई. तुला हवं होतं." एवढंच बोलून ती जिना उतरून गेली.

आईने दोघींची समजूत घातली, "पुढच्या वर्षी होईल गं." धाकटी बाबांच्या दुकानात शिवणयंत्रावर बसायला लागली.

थोरली मात्र जीव तोडून खेळली. संघ अंतिम सामना जिंकला. मग क्लबचा माणूस वही घेऊन तिच्याकडे आला.

"वय?"

"तेवीस. गेल्याच महिन्यात पूर्ण झालं."

त्याने पेनाला टोपण लावलं. "आम्ही तेवीसच्या आतल्याच घेतो. गेल्या वर्षी का नाही दिसलीस?"

"गेल्या वर्षी मैदान बंद होतं."

"हो की. वाईट झालं," असं म्हणून तो चहाच्या टेबलाकडे वळला.

पुढच्या वर्षी धाकटी चाचणीला गेली. सरांनी तिला दहा मिनिटं गोलात उभं केलं. "वर्षभर खेळली नाहीस. हात जड झालेत तुझे," म्हणाले. बाहेरून आणलेली सतरा वर्षांची एक गोलकीपर शेजारी मोजे ओढत तयारच होती. त्या वेळी साथ नव्हती, मैदानं उघडी होती, त्यामुळे धाकटीच्या बुडालेल्या वर्षासाठी कुठलंच पत्र निघालं नाही.

शेवटी ताळा असा जमला. कॉलेजला चषक मिळाला, सरांना तीन वर्षांची मुदतवाढ. थोरलीला तिचं बुडालेलं एक वर्ष परत मिळालं. त्यापोटी धाकटीची चारही गेली.