सासूबाईंचा अर्धा स्वेटर

प्लंबर जावयाच्या हातात सुया देण्याआधी सासूबाईंनी त्याला साबणाने कोपरापर्यंत हात धुवायला लावले. दिवसभर गटाराच्या पाइपांशी झुंजणारा माणूस आपल्या पिवळ्या लोकरीला हात लावणार, ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती. पण करतात काय? अडला हरी! बाळ महिन्याभरात येणार होतं. त्याच्या अंगात पहिला स्वेटर घरात विणलेलाच जायला हवा, हा त्यांचा हट्ट. आणि तो स्वेटर काखेपाशी येऊन अडला होता, कारण सासूबाईंच्या हातांना कंप सुटला होता. लेकीला सुयांचं वावडं. उरला जावई.

"टाक्यात सुई घाला, लोकर फिरवा, ओढून घ्या, जुना टाका सोडा. झाला सुलट टाका. उलट टाक्याला लोकर पुढे आणायची. सगळं विणकाम एवढ्यावरच चालतं."

"एवढंच?" जावयाने बाह्या सरसावल्या.

पहिल्याच ओळीत टाका सुईवरून सटकला आणि खाली खाली उसवत निघाला. "गळती! गळती!" म्हणत जावई ताडकन उठला. आता हा पाना आणतो की काय, असं सासूबाईंना वाटलं. त्यांनी त्याला खाली बसवलं आणि सुटलेला टाका सुईच्या टोकाने वर कसा आणायचा ते सांगितलं. जावयाने मनाशी पक्कं केलं, पुन्हा गळू द्यायचं नाही. मग रोज कामावरून आला की तो जीभ दातांत धरून एकेक टाका आवळू लागला.

"स्वेटर विणतोयस की पाण्याची टाकी?" बायको विचारायची. तो लक्ष द्यायचा नाही.

आठवड्याने सासूबाईंनी तपासणी केली. टाके इतके घट्ट, की सुई शिरेना. स्वेटर वरती बाटलीच्या गळ्यासारखा निमुळता झाला होता.

"एक थेंब गळणार नाही, आई," जावई ऐटीत म्हणाला.

"आणि बाळही आत शिरणार नाही. उसवा!"

उसवायचं काम मात्र त्याला झकास जमलं. लोकर सरसर सुटत होती, गडी रंगात आला होता. "अहो, थांबा!" हे कानावर पडेपर्यंत त्याचं विणकाम संपून सासूबाईंच्याही चार बोटं ओळी उसवल्या होत्या.

जावयाचा चेहरा उतरला. सासूबाईंचे हात आता पुन्हा विणणार नव्हते. बाळासाठी त्यांनी विणलेलं शेवटचं तेवढं त्याने एका झटक्यात संपवलं होतं.

"आई, चुकलं माझं. तुमच्या हातचं होतं ते."

सासूबाई मांडीवरच्या कुरळ्या लोकरीकडे बघत राहिल्या.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "हात थरथरायला लागल्यावरच्या ओळी होत्या त्या. वाकड्यातिकड्या. तशा बाळाच्या अंगावर घालायची लाज वाटत होती, आणि स्वतःच्या हाताने उसवायचा धीर होत नव्हता."

त्यांचे डोळे भरून आले. त्याचा राग त्यांनी अर्थातच जावयावर काढला. "बघत काय बसलात? टाके उचला सुईवर, नाहीतर अजून उसवेल!"

त्याने श्वास रोखून एकेक टाका उचलला. सासूबाईंनी थरथरत्या बोटाने त्या ओळीवर रेघ ओढली.

"इथवर माझे हात. इथून वर तुमचे. आणि जरा सैल विणा, बाळाला श्वास घ्यायचाय."