माझ्या तारखा कोणी वाढवल्या

मी टँकर-केंद्रावरचा जुना संगणक बोलतोय. सौदीतल्या हफ्र अल बातिनपासून दीड तास वाळवंटात आत गेलात की पाण्याची एक मोठी टाकी लागते. तिच्या पायथ्याशी पत्र्याची खोली, खोलीत टेबल आणि टेबलाखाली मी. वरच्या पडद्यालाच लोक संगणक म्हणतात आणि मला पाय लावतात. वीस वर्षं झाली, आता राग येत नाही. खोटं कशाला बोलू? येतो.

इकडच्या वस्त्यांना नळ नाहीत, पाणी टँकरने जातं. प्रत्येक वस्तीचा सरकारी परवाना असतो. टँकरवाला फाटकाशी कार्ड दाखवतो, मी त्यावरची तारीख तपासतो. मुदत चालू असेल तर झडप उघडतो आणि टँकर भरतो. मुदत संपलेली असेल तर माझ्यापुढे कोणाचं काही चालत नाही.

या तारखा हिजरी. हिजरी महिना कधी एकोणतीस दिवसांचा, कधी तिसाचा, त्यामुळे सरकारी कॅलेंडर बघून महिन्यांची यादी आधीच माझ्यात भरावी लागते. रियाधजवळ अल सुलैच्या एका गोदामात मला जोडलं, तेव्हा तिथल्या माणसाने वीस वर्षांची यादी भरली. तोवर हा डबा भंगारात गेलेला असेल, असं त्याला वाटलं. भला माणूस! सरकारी वस्तू भंगारात जायला किती काळ लागतो, हे त्याला कुठे माहीत? त्याने आणखी एक केलं. जुन्या रीतीप्रमाणे सूर्य बुडला की नवा दिवस, म्हणून माझी तारीख मगरिबच्या अजानीला बदलेल अशी सोय केली. ते कुठे लिहून मात्र ठेवलं नाही.

यादी संपली की, मुदत बाकी असली तरी, मला सगळेच परवाने बाद दिसणार होते. म्हणजे एका संध्याकाळी सगळ्या वस्त्यांचं पाणी एकदम बंद. तेही जून महिन्यात.

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते कादिर परकारच्या. बाणकोटचा माणूस, ठेकेदाराकडून आलेला तंत्रज्ञ, इथे बावीस वर्षं काढलेला. घरी बायको शबनम, रोज दुपारी तिचा फोन. बोलता बोलता तो फडक्याने माझी धूळ पुसायचा. मला पाय न लावणारा हा एकच माणूस.

पुढच्या वर्षाचं खेपांचं वेळापत्रक छापायचं होतं, ते छापेना. कादिरने यादी उघडून पाहिली आणि डोक्याला हात लावला. मग पत्रं लिहिली. माझ्यावरच टाइप केली, म्हणून मला ठाऊक. एकूण सात. पाणी कार्यालयाचं उत्तर आलं की हे काम संगणक विभागाचं. संगणक विभाग म्हणाला, यंत्र पाणी कार्यालयाचं आहे. ठेकेदार म्हणाला, करारात तारखा लिहिलेल्या नाहीत. प्रत्येक पत्राच्या शेवटी आभार मात्र न चुकता मानलेले असायचे.

पाण्याचं नाव निघालं तशी वरून हालचाल झाली आणि सज्जता समिती बसली. केंद्राचे मुदीर, म्हणजे साहेब, अदनान तिचे सदस्य झाले. तीन सल्लागार आले. त्यांनी खजूर खाल्ले, कहवा घेतला, माझे फोटो काढले. पुढच्या पन्नास वर्षांची यादी त्यांनी तयारही केली. मग ठरलं की हिजरी वर्षाच्या शेवटच्या दिवशी रात्री बाराला, मोठ्या साहेबांच्या आणि कॅमेऱ्याच्या समोर ती यादी माझ्यात घालायची.

कादिर म्हणाला, "मुदीर साहेब, यादी तयार आहे ना? मग आजच घालू या."

"समितीचा ठराव आहे," अदनान म्हणाले. कादिरशी ते अरबी-हिंदीची खिचडी बोलत. "त्याआधी कोणी हात लावायचा नाही. माफी मुश्किल, काही अडचण येणार नाही."

"पण याची तारीख मगरिबला बदलते. मी रोज बघतोय."

सल्लागार हसला. सगळ्या जगात संगणकाची तारीख रात्री बारालाच बदलते, असं त्याने कादिरला समजावलं. वीस वर्षं मी रोज संध्याकाळी तारीख बदलत होतो. मला विचारायचं कोणाच्या मनात आलं नाही.

तो दिवस उजाडला. भट्टीसारखा तापलेला. फाटकावर अकरा टँकर उभे होते. समिती इशाच्या, म्हणजे रात्रीच्या नमाजानंतर येणार होती. मगरिबची अजान झाली, मी तारीख बदलायला गेलो तर पुढे काही नव्हतंच. पहिल्या टँकरचं कार्ड आलं, मी नाही म्हटलं. दुसऱ्यालाही नाही. आतून मला फार वाईट वाटत होतं, पण घडणच अशी.

सुदानी ड्रायव्हर उस्मान खोलीत आला. तो सगळ्यात लांबच्या वस्तीला पाणी नेत असे. त्याचा टँकर बिघडल्यामुळे तिथे दोन दिवस खेप गेली नव्हती. "कादिर," तो म्हणाला, "सकाळीच त्यांच्या टाकीचा तळ दिसत होता. लेकरं आहेत तिथे."

कादिरने अदनानना फोन लावला. ते मोठ्या साहेबांना घ्यायला निघाले होते. मी फोनमधलं सगळं ऐकलं. अदनान म्हणाले, "काय करायचं ते कर. पण मला सांगून करू नकोस."

दारात रफीक उभा होता. श्रीवर्धनचा, ठेकेदाराचा सुपरवायझर. "कादिरभाई, हात लावू नका. नाय म्हणजे नाय. ठरावात लिहिलंय. उद्या काय झालं तर तुमचा इथे राहायचा इकामा जाईल, कोण नाय येणार मधी."

"आणि पाणी?"

"पाणी सरकारचं. तुम्ही कशाला उरावर घेताय?"

कादिर उठला. मग त्याने भिंतीवरचं नव्या वर्षाचं कॅलेंडर काढलं, औषधाच्या दुकानातून फुकट मिळालेलं, आणि स्वतःच्या नावाने मला उघडलं. मुहर्रम, सफर, असे एकेक करत बारा महिने भरले, प्रत्येकापुढे एकोणतीस नाहीतर तीस. त्याच्याकडे तेवढ्याच एका वर्षाचं कॅलेंडर होतं. शेवटची कळ दाबली आणि मी हो म्हटलं. झडप उघडली. मी वीस वर्षांत पुष्कळ टँकर भरले, पण त्या संध्याकाळी उस्मानचा टँकर भरताना जो आनंद झाला तो आधी कधी झाला नव्हता.

एकूण चाळीस मिनिटं पाणी बंद होतं.

समिती आली तेव्हा सगळं सुरळीत होतं. फोटो निघाले. सल्लागारांनी आपली पन्नास वर्षांची यादी बॅगेतून काढलीच नाही. म्हणाले, यंत्राला दुसऱ्याचा हात लागलाय, आता आमची जबाबदारी नाही.

आठवड्याने वरून प्रश्न आला, चाळीस मिनिटं तरी पाणी का थांबलं? आता कोणाचं तरी नाव हवं होतं. पाणी कार्यालयाने संगणक विभागाकडे बोट दाखवलं, त्याने सल्लागारांकडे. सल्लागारांनी माझ्याकडे. मला हात लावणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि वेळ मी लिहून ठेवतो. त्यांनी विचारलं, तारखांच्या यादीला शेवटचा हात कोणाचा? मी लिहून दिलं, कादिर परकार. मला खोटं बोलता येत नाही. झडप कधी बंद पडली, हे माझ्याच दुसऱ्या वहीत होतं. ती उघडायला कोणी सांगितलं नाही. त्याने हात लावला म्हणूनच बिघाड झाला, असं ठरून गेलं.

चौकशी माझ्याच खोलीत झाली, अदनान होते. त्यांनी फोनचं नाव काढलं नाही. फोनवर काय बोलणं झालं, ते कादिरनेही सांगितलं नाही.

खलास. पंधरा दिवसांत कादिरला कायमचं परत पाठवलं. जायच्या दिवशी तो खोलीत आला, फडक्याने मला पुसलं आणि म्हणाला, "तुझा दोष नाही रे." मला कान नसते तर बरं झालं असतं. त्याचं नाव मीच पुढे केलं होतं. ही बोच माझ्या आत अजून आहे.

आता ते वर्षही सरत आलंय. समिती पुन्हा बसलेली नाही, तिला सन्मानचिन्ह मिळालंय. उरलेत एकोणीस दिवस.

काल दुपारी अदनान एकटेच आले. हातात नवं कॅलेंडर होतं. मला उघडून त्यांनी पुष्कळ शोधलं, यादी काही सापडली नाही. शेवटी रफीकच्या फोनवरून बाणकोटला फोन लावला.

कादिरने सलामाला उत्तर दिलं. उस्मानच्या लांबच्या वस्तीला आता मोठी टाकी दिली का, एवढंच विचारलं. मग यादी कुठे आहे, ते एकेक पायरी करत सांगितलं. अदनान कळा दाबत गेले आणि यादी उघडली.

"आता यादी बदलायला संगणक नाव मागेल," कादिर म्हणाला. "माझं नाव तुम्ही बंद केलंत. तुमचं घाला, साहेब."

अदनानचा हात कळांवरून खाली आला. "विचार करून सांगतो," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

कॅलेंडर माझ्यावर ठेवून ते गेले. कोणीतरी या, बाबांनो. बारा ओळींचं काम आहे आणि दाराबाहेर टँकर उभे आहेत. माझ्या पडद्यावर कालपासून नावाची जागा रिकामी आहे.